परण्याची वाट

हेमलाबाईची घोडी आमच्या गावात शिरली त्या दिवशी चौकातल्या मारोतीनं मान वळवून पाहिलं, असं मी सांगतो आणि लोक मानत नाहीत. न मानोत. मारोतीची मान तेव्हापासून जराशी वाकडी आहे की नाही, ते कुणीही येऊन पाहावं.

पुढं घोडीवर बाई, आणि मागं मालवाहू ऑटोत संसाराच्या सामानावर बाजेला धरून बसलेला तिचा नवरा, असं ते दर्शन होतं. नवरा भाऊसिंग. फौजेत घोड्यांच्या पलटणीत जन्म काढलेला माणूस. आयुष्यभर घोड्यावरून पडला नाही, आणि पेन्शनीत निघून घरी आला तो शेलूबाजारच्या चौफुलीवर मोटरसायकलवरून पडला. कंबर मोडली. तेव्हापासून घोडीवर बसायचं काम हेमलाबाईकडं आलं. भाऊसिंग हवालदार म्हणून निवृत्त झालेला, पण घोडीचा तोरा पाहून गावानं तिचं नाव ठेवलं सुभेदारीण. नवऱ्यापेक्षा घोडीचा हुद्दा मोठा. त्यावर सगळ्यात जास्त भाऊसिंगच हसला.

गावाला घोडीचा एकच उपयोग माहीत. "लग्नाले देता काय?" जो तो विचारी.

"नाही बाप्पा," हेमलाबाई म्हणे. "हे लग्नाची नाही, कामाची हाय."

"मंग दूध त देत नसंन?"

"तुमी देता काय?" ती विचारी, आणि विचारणारा चहाच्या टपरीवर हळूच वळे.

त्यांनी वावर घेतलं ते रामरावच्या वावरामागचं. मूळ मालक लेकाकडं पुण्याला गेला, जाताना विकून गेला. आता त्या वावरात जायला वाट एकच, पांदण. पूर्वी तिच्यातून भरल्या गाड्या जात आणि टोकाला शिवेवरचा जुना मारोती होता, तिथपर्यंत लग्नातले नवरदेव जात. पण पांदणीच्या एका बाजूला रामरावचं वावर. त्याच्या बापानं दरसाल नांगराचं एकेक तास पांदणीत सरकवलं, रामरावनं बापाची रीत मोडली नाही. दुसऱ्या बाजूला माझं वावर. माझा धुरा, म्हणजे बांध, तेवढा जागेवर राहिला, कारण माझे बैल म्हातारे, त्यांना अतिक्रमण झेपत नव्हतं. शेवटी पांदणीची पायवाट झाली आणि नवरदेव चौकातल्या मारोतीलाच हात जोडून परत फिरू लागले.

रामरावला ते मागचं वावर स्वतःलाच पाहिजे होतं. मध्येच ही घोडेवाली माणसं आली.

पहिली चकमक झाली ती वखरामुळं. दसरा होऊन गेलेला, सोयाबीन निघालेलं, रामराव हरभऱ्यासाठी वावर वखरत होता. पांढरा शर्ट घालून वखर हाणणारा सगळ्या तालुक्यात हा एकच. सुभेदारीण पायवाटेनं आली, फुरफुरली, आणि रामरावच्या बैलांनी जन्मात पहिल्यांदा घोडी पाहिली. शेपट्या वर करून जे सुटले ते मागं वखर, वखरामागं कासरा, आणि कासऱ्यामागं रामराव. त्यानं कासरा सोडला नाही, याबद्दल त्याला मानलं पाहिजे. पण बैल थांबले तेव्हा शर्ट पांढरा राहिला नव्हता आणि पॅन्टचा मागचा भाग वावरात पेरला गेला होता.

हेमलाबाई उडी मारून उतरली. "भाऊ, लागलं काय तुमाले?"

"मले काय लागते?" रामराव ढुंगणाला एक हात लावून उठला. "हे काय सर्कस हाय काय? बैलाइले इचारा काय झालं ते!"

बाई खरंच बैलांकडं गेली. कमरेच्या पिशवीतून गुळाचे खडे काढले, दोघांना चारले, गळ्याखाली खाजवलं, आणि कान लावून उभी राहिली. मग वळून म्हणाली, "इचारलं. बैल म्हनतात, घोडीचं काही नाही, मालक वरडते त्याचं भेव वाटते."

मी माझ्या धुऱ्यावर होतो. मला हसू आवरलं नाही. रामरावनं बैलांना माफ केलं असतं, घोडीलाही केलं असतं. माझ्या हसण्याला त्यानं माफी दिली नाही.

दुसऱ्या दिवसापासून बाईनं नेम धरला. बैल जुंपलेले दिसले की ती लांबूनच उतरे आणि लगाम धरून पायी येई. दुपारी बैल हौदावर आले की शेजारी घोडी उभी करी. आधी बैल कान टवकारून उभे राहत, मग नुसतेच पीत, आणि पुढं पुढं रामरावचा बांड्या बैल सुभेदारिणीची मान चाटायला लागला. मी तर म्हणतो तो तिच्याशी फौजेतल्या गोष्टी बोले, पण ते राहू द्या.

मग लिदीची तक्रार निघाली. घोडी मंदिरापुढं घाण करते. हेमलाबाई खोगिराला घमेलं बांधून हिंडू लागली. पडली लीद की भरली. एक दिवस रामरावच्या दाराशीच तो प्रसंग आला. रामराव तोंड उघडणार तेवढ्यात आतून त्याची आई आली. प्रयागबाई म्हणजे माझ्या नात्यातली वहिनी, कमरेत वाकलेली, पण जिभेत ताठ.

"कुठी नेते व ते? इकडं टाक, माह्या वांग्याइत."

त्या साली प्रयागवहिनीच्या परसात अशी वांगी लागली की दोन माणसं एक वांगं उचलून आत नेत. भाजायला चूल पुरली नाही, होळीची वाट पाहावी लागली.

एवढं झालं तरी पांदणीचा प्रश्न होता तसाच होता. हरभरा पेरताना रामरावनं उरलेल्या पायवाटेतूनही एक तास काढलं आणि कडेला बाभळीच्या काट्यांच्या फांद्या टाकल्या. पाऊल ठेवायला तेवढी जागा राहिली. घोडी तिथून जायची तर एक पाय हरभऱ्यात पडणार, आणि एक पाय पडला की रामराव धावून येणार. हेमलाबाईनं बियाणं डोक्यावर वाहिलं. खत डोक्यावर वाहिलं. फवारणीचा पंप पाठीवर घेऊन ती काट्यांतून आडवी आडवी चाले आणि लुगड्याचा पदर फांद्यांना अडकून राही. भाऊसिंग काठी घेऊन पांदणीच्या तोंडाशी दगडावर बसे. पुढं त्याला जाता येत नसे.

रामराव जाता जाता म्हणे, "हवालदारसाहेब, देशाची सरहद राखली म्हनतात. आता माहा धुरा राखून राह्यले काय?"

भाऊसिंग काठीच्या टोकानं मातीत रेघा ओढी.

"तहसीलीत अर्ज देतो काका," तो मला एकदा म्हणाला.

"दे ना," मी म्हणालो. "पांदण मोजाले मानूस येईन तवा माही तेरवी होऊन गेली राहीन. तेरवीले त्याले जेऊ घालजो."

थंडी वाढली आणि सुभेदारीण लंगडायला लागली. खुराच्या मऊ भागात बाभळीचा काटा, बोटाएवढा, आत मोडलेला. हेमलाबाईनं खूर मांडीवर घेतला, भाऊसिंगनं घोडीचं डोकं खांद्यावर धरलं. चिमट्यानं काटा निघाला तसा रक्ताचा थेंब बाईच्या हातावर पडला. घोडी हलली नाही. हललाच असेल तर भाऊसिंग.

बाईनं हळद भरली, हात धुतले, आणि काटा तळहातावर घेऊन थेट रामरावच्या घरी. मागं मी. असल्या वेळी मागं कुणीतरी लागतंच. रामराव जेवायला बसलेला.

"भाऊ, तुमची वस्तू आमच्या घोडीच्या पायात राहून गेलती," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "म्हटलं वापस करून द्यावं. दुसऱ्याचं ठेवू नाही."

रामरावच्या हातातली भाकर हातातच राहिली. प्रयागवहिनी उठली, तो काटा घेतला, उजेडात धरून पाहिला आणि देवाच्या कोनाड्यात ठेवून दिला.

"आई, ते तिथी काहून ठेवतं?" रामराव खेकसला.

"राहू दे," वहिनी म्हणाली. "जपून ठेवाची वस्तू हाय."

माघ लागला तसा सगळ्यांचा हरभरा निघाला. हेमलाबाईनं एकटीनं आपला उपटला. हरभऱ्याची आंब लागून तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या, चहाचा कप धरतानासुद्धा ती ओठ चावे. वावराच्या मध्यात हरभऱ्याची गंजी उभी राहिली, भाऊसिंगच्या उंचीची. आणि तिथंच अडकली. मळणीयंत्र जाईल अशी वाटच नव्हती. डोक्यावरून किती वाहणार? वर आभाळ यायला लागलं होतं. गंजी भिजली असती तर वर्षाचं पीक काळं पडलं असतं, आणि मग वावर विकण्यावाचून गती नव्हती. रामरावला हे समजत होतं. तो रोज सकाळी धुऱ्यावर उभा राहून आभाळाकडं मोठ्या मायेनं पाही.

पण त्याच्याही घरात एक गंजी पेटायची होती. त्याच्या हरीओमचं लग्न ठरलं होतं, शिरपूरकडची पोरगी, मंजुषा. लग्न आमच्याच गावात, मुलाकडं. हरीओमला घोडीवरच परण्या काढायचा होता, म्हणजे लग्न लागायच्या आधी नवरदेव वाजतगाजत मारोतीला जातो तो. वाशीमचा घोडेवाला ठरवलेला. पण तिथी दाट होती. लग्न तोंडावर आलं आणि घोडेवाल्यानं फोनवर कळवलं की घोडी दुसरीकडं गेली. रामरावनं आजूबाजूचे सगळे घोडेवाले पालथे घातले. घोडी नाही. हरीओम जेवेना.

"ट्रॅक्टरवर बस ना बावा," रामराव म्हणाला.

"ट्रॅक्टरवर म्या रोजच बसतो," हरीओम म्हणाला. "सासुरवाडीचे लोक हासतीन."

रामराव माझ्याकडं आला. "काका, तुमी त्या बाईसंग बोलून पाहा ना."

"म्या काहून? काट्याचा मालक तू. जा."

गेला. मीही गेलो, माझ्याच वावरातून, म्हणजे धुऱ्याच्या अलीकडून, कान उघडे ठेवून. हेमलाबाई गंजीवर ताडपत्री ओढत होती. रामराव आधी हवापाण्याबद्दल बोलला, मग हरभऱ्याबद्दल, मग खोकला. शेवटी त्यानं घोडी मागितली.

मला वाटलं, आता ही बाई याला असा सोलणार की वांगं बरं. पण तिनं ताडपत्रीची गाठ मारली आणि म्हणाली, "नेजा. लेकराचं लग्न हाय. भाडं गिडं काही नाही."

रामरावचा चेहरा उजळला.

"पन भाऊ, तिले चौकातली गर्दी सहन होत नाही. थे वळखीच्या वाटेनंच जाते. परण्या पांदणीनं शिवेच्या मारोतीले न्या, मंग म्या सोता लगाम धरतो."

"पांदणीनं?" रामराव म्हणाला. "तिथून मानूस जात नाही..."

"हो ना," बाई म्हणाली. "मानूस जात नाही."

रामराव विचारात पडला. त्याचा विचार मला दुरून वाचता येत होता. हरभरा निघालेलाच आहे, वावर मोकळं आहे, एक दिवस वाट करून दिली तर जातं काय? पाहुणे गेले की नांगर.

"एका दिवसापुरती," तो म्हणाला.

"एका दिवसापुरती," बाई म्हणाली, जशी काही तिला तेवढीच पाहिजे होती.

मग काय विचारता! रामरावची सगळी भावकी कुदळ-पावडी घेऊन पांदणीत. हेमलाबाई मधोमध उभी राहून मापं देई. "घोडी अठून जाईन. बाजूले आरतीवाल्या बाया. त्या बाजूनं बँडवाले. बँडवाल्याइचा मोठा ढोल हाय, भाऊ, आनखी सरका." बाभळीच्या फांद्या रामरावनं स्वतः ओढून काढल्या. त्याच्या हातात काटे गेले ते प्रयागवहिनीनं सुईनं काढले, आणि काढताना तिनं सुई जरा जास्तच खोल घातली, असं मला वाटलं. संध्याकाळपर्यंत पांदण अशी रुंद झाली की तिच्या मूळ रुंदीपेक्षाही हातभर जास्त. माझ्या आज्यानंही इतकी रुंद पाहिली नसेल.

आणि परण्या निघाला. सुभेदारिणीच्या कपाळावर गोंडे, गळ्यात झेंडूची माळ. हरीओम वर बसला तो आधी आयाळ धरून, डोळे मिटून. लगाम हेमलाबाईच्या हाती, डोक्यावर पदर, मान ताठ. भाऊसिंग आठवडाभर तिच्या कानाशी तेलाचा रिकामा डबा बडवत होता, त्यामुळं बँड वाजला तरी घोडी डगमगली नाही. उलट तालात पावलं टाकू लागली. पाहुणे फटफट फोटो काढायला लागले. रामराव फेटा बांधून पुढं चालला होता, छाती पुढं काढून, जशी काही ही पांदण त्याच्या वाडवडिलांनीच गावाला दान दिली होती.

सगळ्यांच्या मागं, बँडच्याही मागं, आंब्याचं तोरण बांधलेला एक ट्रॅक्टर होता. आणि ट्रॅक्टरला मळणीयंत्र. त्यालाही झेंडूच्या माळा. चालवणाऱ्याशेजारी भाऊसिंग बसलेला, फौजेतली टोपी घालून, पहिल्यांदाच स्वतःच्या वावराकडं निघालेला.

नवरीचा बाप माझ्या शेजारी चालत होता. "गोविंदाकाका, हे मळनीयंत्र कायले?"

"रिवाज हाय," मी म्हणालो. "नवरदेवाच्या मागून धान्य यावं म्हणून."

"वा!" तो म्हणाला. "आमच्याकडं नाही हा रिवाज. चांगला हाय."

शिवेच्या मारोतीपुढं सुभेदारिणीनं मान खाली घातली. कुणी म्हणतं गवताकरता घातली. मी तसं म्हणत नाही. हरीओम पाया पडला, परण्या फिरला, आणि ट्रॅक्टर मात्र फिरला नाही. तो पुढं गेला. इकडं मांडवात अक्षता पडल्या, तिकडं वावरात मळणी धडधडायला लागली. हरभऱ्याचं भुसकट उडून मांडवापर्यंत आलं. रामरावनं आवाज ऐकला, पण वरबाप माणूस, पाहुण्यांत उभा. करतो काय?

पंगतीत तो माझ्या पानात बुंदी वाढायला वाकला. दात चावून हळूच म्हणाला, "झालं काका तुमच्या मनासारखं. उद्याच्याले नांगर लावतो पांदणीले. बोली एका दिवसाचीच होती."

"लाव बावा," मी म्हणालो, हळू नाही, चांगलं पंगतभर. "वावर तुहं, नांगर तुहा. फक्त सुनंले माहेरी पाठवशीन तवा दोन लुगडे जास्त दे."

"काहून?"

"वापस येते का नाही येत."

नवरीच्या बापाचा हात द्रोणात थांबला. "म्हंजे काय?"

"काही नाही पावणे. माह्या आज्याच्या वेळची गोष्ट. नदीपल्याड एका पाटलानं परण्याची वाट नांगरली. दुसऱ्या दिवशी नवरदेव घरातून निघाला वावरात जाले, अन पोचला सासुरवाडीले. बायको निघाली पान्याले, थे पोचली माहेरी. हा अठी आला की थे तिकडं, थे अठी आली की हा तिकडं. म्हातारे झाले बिचारे. शेवटी एक दिवस बजारात सामने आले, त एकमेकाले राम राम पावणे म्हनून निघून गेले."

रामराव मोठ्यानं हसला. "काकाच्या गप्पा! पावणे, हा मानूस चौकातल्या मारोतीची मान वाकडी झाली म्हनते."

पंगत हसली. नवरीचा बापही हसायच्या बेतात आला. गेलं, मला वाटलं. उद्या नांगर लागणार.

"हासू नका."

प्रयागवहिनी खांबाला टेकून बसली होती. तिनं पदर सावरला. "माही सासू मरताना सांगून गेली. परण्या गेला थे वाट नवरदेवाची. तिच्यावर नांगर पडला त त्या घरात दोन चुली होतात."

हसू जिथल्या तिथं विरलं. मी म्हणालो ती थाप होती. वहिनी म्हणाली तो रिवाज झाला. नवरीच्या बापानं द्रोण खाली ठेवला.

"रामरावजी, आमी पोरगी नांदाले दिली."

"अहो, पन..."

"पनबिन काही नाही," हरीओम उठून उभा राहिला, बाशिंग बांधलेलं, हाताला हळद. "बाबा, त्या वाटेवर नांगर नाही चालनार. म्या उद्याच दगड रोवतो दोन्हीकडून."

आणि रोवले. नवरी अजून हळदीच्या पायांची होती तोवर हरीओमनं दगड रोवले, आणि नवरीच्या बापानं उभं राहून ते चुन्यानं पांढरे करून घेतले. रामराव दगड आणून देत होता. नाही म्हणायची सोय नव्हती, सून बघत होती.

मृगाच्या आधी प्रयागवहिनी पांदणीत भेटली, डोक्यावर सरपणाचा भारा. पूर्वी ती असा भारा घेऊन काट्यांतून आडवी चालायची, आता मधोमध चालत होती. मी हळूच विचारलं, "वहिनी, सासूनं खरंच सांगतलं होतं काय?"

"माही सासू?" ती थांबली. "त्या बाईनं जन्मात मले एक गोष्ट धड सांगतली नाही. भाजीत मीठ किती टाकावं हेही नाही."

"मंग?"

"मंग काय, भाऊजी? गावात गप्पा हानाचा मक्ता तुमीच एकट्यानं घेतला काय?" आणि भारा सावरत पुढं निघाली. जाता जाता म्हणाली, "त्या काट्यांनी माहेही तळवे फाडले होते. तो कोनाड्यातला अजून हाय. रामराव जास्त बोलला की दाखवतो."

आता पांदणीतून गाड्या जातात. सकाळी रामरावची गाडी तिकडून येते, समोरून हेमलाबाई सुभेदारिणीवर दौडत येते, आणि कुणीही कुणासाठी थांबत नाही, इतकी जागा आहे. बांड्या बैल मात्र मान वळवून पाहतोच. परतीच्या वेळी भाऊसिंग पुष्कळदा रामरावच्याच गाडीत बसून येतो. रामराव त्याला हवालदारसाहेबच म्हणतो, पण आता बसायला पोतं अंथरून देतो.

परवा शेलूबाजारात चहाच्या टपरीवर बसलो होतो. बाहेरगावचा एक जण आपल्या शेजाऱ्यानं पांदण दाबल्याचं रडगाणं गात होता. रामराव त्याला समजावत होता.

"त्याले सांग, परण्याची वाट दाबू नाही. लय वाईट होते. आमच्या गावात एकानं दाबून ठेवली होती, त परतक्ष मारोतीनं मान फिरवली. आजही वाकडी हाय. खोटं वाटते त येऊन पाह्य." आणि माझ्याकडं वळला. "हो का नाही, काका?"

मी बशीतला चहा फुंकला. इतक्या लोकांत खोटं कसं बोलणार? मान हलवली.